नानांनी दोन्हीकडे नाही म्हटलं

बुधवार, दोंडाईचा

आज माझ्या सासऱ्यांना, नानांना, मनातल्या मनात नमस्कार केला. तोंडावर बोलायचं राहूनच गेलं.

आमच्या पक्षाच्या आमदारावर गुन्हा दाखल झाला, म्हणून सकाळी कार्यकर्ते नानांना मोर्चाला न्यायला आले. नाना तालुकाध्यक्ष, तेच पुढे हवेत. "नाना, हाई सूडनं राजकारण शे!" सगळे एकदम ओरडत होते. नानांनी आवाज चढवला नाही. "त्यासना नेताले धरं तवय आपन फटाका फोडात. आते आपलावर उनं त मोर्चा? आपला मानूस खरा व्हई, त कोर्टमाच सुटी." विरोधी पक्षाचा नेता पकडला गेला तेव्हा आम्हीच फटाके फोडले होते, ते खरंच.

कुणीतरी त्यांना गद्दार म्हणालं. तरीही आवाज चढला नाही. मला जमलं असतं का? मी तर दाराआडून बाहेरही आले नाही.

दुपारी पद काढून घेतल्याचा फोन आला. आमचे हे फार चिडले. "नाना, आता आपल्याला कोण विचारणार?"

संध्याकाळी विरोधी पक्षाचे लोकच हार घेऊन दारात! आमच्यात या म्हणाले. नानांनी एकच अट घातली, "तुमना नेतावरना खटला बी चालाले जोयजे. चाली का तुमले?"

हार तसाच हातात घेऊन ते परत गेले. तेव्हा मात्र यांनाही हसू आवरेना.