अंगठ्याला रेशीम

आबा, माझं सगळं बदललं ते ज्या दुपारी मी ऑफिसात सगळ्यांच्या देखत उजव्या पायातला मोजा काढला, त्या दुपारी. तोवर मी जपानातल्या कोबे नावाच्या बंदराच्या गावात, एका शेठच्या मोत्यांच्या पेढीत चहा करणारा, पुडकी बांधणारा, पोस्टात पळणारा पोरगा होतो. मी कुणाचा कोण, हे तिथे कुणी विचारलंही नव्हतं. त्या दुपारी न विचारता कळलं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तुम्ही कधी समुद्रही पाहिला नाहीत, आणि तुमच्या पायाच्या अंगठ्याची गोष्ट इथे लोक चहा पिताना एकमेकांना सांगतात. हे तुम्हाला सांगावं म्हणून बसलोय. गाडीला अजून वेळ आहे.

मी इथवर कसा आलो ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, पोरगं पळून गेलं. पळालो नाही, उठून आलो. तुमच्यामागे शाळा सुटली की मी सराफकट्ट्यावर तुमच्याच पायरीवर बसून मणी ओवायचो. बारावीनंतर आईने हट्टाने बी.एस्सी.ला घातलं. सेकंड इयरला एकदा प्रॅक्टिकलला उशीर झाला, तर सर अख्ख्या बॅचसमोर म्हणाले, "काय रे, पटवेकऱ्याचा ना तू? मग इथे कशाला वेळ घालवतोस? जा की मंगळसूत्रं ओवायला." पोरं हसली. माझं डोकं फिरलं. जर्नल टेबलावर आपटली, म्हणालो, "जातो." आणि गेलोच. आई रडली. "असं बोलण्यावरून कुणी शिक्षण सोडतं का रे? तुझ्या बापाने असल्या हजार बोलण्यांवर नुसतं हसून दाखवलं." तुम्ही हसायचात हे खरंय. मला नाही जमत. ते चुकलं असं आई अजून म्हणते. मी आजही म्हणत नाही. मामाने मुंबईला झवेरी बाजारात नेलं, तिथल्या शेठची एक पेढी इथे कोबेत. शेठनी विचारलं, "येतं काय तुला?" म्हटलं, "गाठ मारता येते." ते हसले आणि मला आपल्याबरोबर इकडे घेऊन आले. पण इथे मोत्यांच्या माळा ओवायला जपानी बायका होत्या, टेबलाशी खुर्चीत बसून, सुईने, एकेका मोत्यामागे गाठ देत. सुंदर काम, आबा. माझी गरजच नव्हती. मला चहाची किटली मिळाली.

इथलं जगणं कसं सांगू? आई तांदूळ निवडते ना, तशी ही माणसं सगळंच निवडतात. कचरासुद्धा. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या, आणि प्रत्येकाचा वार ठरलेला. पहिल्याच आठवड्यात शेजारची म्हातारी माझी पिशवी हातात घेऊन दारात उभी. आत एक काचेची बरणी होती, लोणच्याची. माझी सणक गेली डोक्यात, मराठीतच ओरडलो, "आजी, मी काय तुमच्या घरचा गडी आहे का?" ती शांतपणे कमरेत वाकली, बरणी वेगळी काढून माझ्या हातात दिली, पुन्हा वाकली. समोरचा असा वाकला की राग ठेवायचा कुठे, आबा? मी पण वाकलो. आता बरण्या मी धुऊन टाकतो, आणि लोणचं आलं की थोडं तिला देतो. ती ते खात नाही हे मला माहीत आहे. पण घेते दोन्ही हातांनी.

पेढीतही तेच, निवडणं. उत्तरेकडच्या मोठ्या खिडक्या, पांढरंशुभ्र कापड घातलेली टेबलं, आणि दिवसाच्या उजेडात मोत्यांची प्रतवारी. त्यातल्या एका टेबलाशी ती बसते. तिचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला लिहिताना लाज वाटते. मी चहा घेऊन गेलो की सगळ्यांत आधी तिच्यापुढे ठेवायचो, आणि बाकीच्या बायका एकमेकींकडे बघून घसे साफ करायच्या. संध्याकाळी तिची गाडी समोरच्या फलाटावरून जाईपर्यंत मी माझी गाडी सोडून द्यायचो. जेवण गेलं होतं. शेठ म्हणायचे, "अरे, तुला जपान मानवत नाही वाटतं." एकदा मी तिला मोडक्यातोडक्या जपानीत म्हटलं, मला ही सगळी सारखीच पांढरी दिसतात. तिने दोन मोती शेजारी ठेवले. "हा सकाळचा," म्हणाली, "आणि हा दुपारचा." मी बघत राहिलो. मोत्यांकडे नाही.

तर ती दुपार. एक मराठी बाई नवऱ्याबरोबर पेढीत शिरली. टोकियोत फुनाबोरीला राहणारी, नवरा कॉम्प्युटरमध्ये, दोघं कोबे बघायला आलेले. स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर तिचं मंगळसूत्र तुटलं होतं. रुमालात काळे मणी आणि दोन वाट्या. कुणीतरी सांगितलं होतं, इथे हिंदुस्थानी पेढी आहे. बाई रडायच्या बेतात होती, आणि सांगताना हसतही होती. "अहो, सगळं स्टेशन खाली बसलं माझे मणी शोधायला! एक आजोबा तर एकच मणी दोन्ही हातांवर घेऊन आले, जसा काही तीर्थप्रसाद." नवरा म्हणाला, "अगं, पुण्याला गेलो की करून घेऊ ना." तर ती, "आणि तोवर? माझ्या गळ्यात रुमाल बांधू?" आमच्या बायकांनी मणी पाहिले. इतके बारीक, त्यांची सुई जाईना. एकीने मान हलवली.

मी किटली खाली ठेवली. "ताई, द्या इकडे." फरशीवर बसलो, मोजा काढला, रेशमाचा फास अंगठ्यात अडकवला, गुडघा ताणला आणि सुरू केलं. आबा, हात विसरले नव्हते. दोऱ्याच्या टोकाला मेण लावलं, पीळ दिला, आणि मणी असे पळत आले जसे काही माझीच वाट बघत होते. ती बाई मटकन माझ्यासमोर खाली बसली. "अगोबाई! आमच्या मिरजेला पटवेकरी अस्सेच बसायचे!"

तेवढ्यात काचो-सान आले. काचो म्हणजे आमच्या विभागाचे मुख्य, टायची गाठसुद्धा पट्टी लावून बांधलेली. ते दारातच थिजले. "आशी!" म्हणाले. आशी म्हणजे पाय. "आशी! आशी!" मोत्यांच्या खोलीत, उघडा पाय, आणि त्याला गळ्यातला दागिना! मी उठलो नाही. दोरा ताणलेला असताना उठायचं नाही, हे तुमचं. पण तोंड सुटलं. "पाय दिसतोय तुम्हाला? माझा बाप आयुष्यभर असाच बसला! कोल्हापुरातल्या निम्म्या बायकांचं सौभाग्य ह्या अंगठ्यावर ओवलंय!" मराठीत. एक शब्द कुणाला कळला नाही, आवाज मात्र सगळ्या मजल्याला कळला. आणि मग मला ती गोष्ट आठवली. तुम्हाला आठवते? इनामदारांच्या सूनबाई पायरीपाशी येऊन फणकारल्या होत्या, "आमचं मंगळसूत्र पायाला लावता?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "वहिनीसाहेब, तान्हं बाळ कशावर घेऊन न्हाऊ घालता? पायावरच ना?" पुढे त्या लेकींचीही मंगळसूत्रं तुमच्याकडेच घेऊन आल्या. तेच मी जपानीत जुळवलं. आमच्याकडे बाळाला पायावर घेऊन अंघोळ घालतात. बाळ. पाय. पाणी. काचो-सान गोंधळून बघत राहिले. पण टेबलाशी बसलेली ती, तिच्या हातातला मोती तसाच, ती हसली. खळखळून नाही. ओठ दाबून, खाली बघत. माझ्या आयुष्यात मी तेवढ्याचसाठी काहीही तोडलं असतं. त्या दिवशी नेमकं जोडलं.

दुसऱ्या दिवशी मी सामान आवरायच्या तयारीनेच गेलो. तर खिडकीपाशी एक चटई, तिच्याशेजारी तसराळं, कोमट पाणी, टॉवेल. काचो-सान म्हणाले, "काम सुरू करण्याआधी पाय धुवायचे. काम संपल्यावर पुन्हा धुवायचे. चटईबाहेर उघड्या पायाने यायचं नाही." झालं. ह्या लोकांचं असं आहे, आबा. रागावून झालं की नियम करतात, आणि नियम झाला की तुम्ही आत. मला आधी अपमान वाटला. मग तुमचा तांब्या आठवला. पायरीवर बसण्याआधी तुम्हीही पाय धुवायचात, अंगठा पंच्याने कोरडा करायचात. मी मुकाट्याने पाय धुतले. ती टेबलावरून उठली, आपला निळा रुमाल चटईवर माझ्या टाचेखाली पसरून गेली. त्या दिवसापासून रोज पसरते, रोज धुऊन आणते.

आता योकोहामाहून, टोकियोहून बायका मंगळसूत्रं पाठवतात. "कोबेच्या दादांकडूनच ओवून घ्यायचं," असं म्हणतात म्हणे. मला सगळे वाकून नमस्कार घालतात, चहा दुसरा मुलगा करतो. काचो-सानांनी एकदा लाकडाची गुळगुळीत खुंटी करून आणली, अंगठ्याऐवजी. मी घेतली, पण वापरत नाही. तिने विचारलं, का? तुमचंच वाक्य सांगितलं. खुंटीला कळत नाही धागा किती ताणलाय, अंगठ्याला कळतं. जास्त ताणला की माळ काठीसारखी उभी राहते, कमी ताणला की दात पडल्यासारखी दिसते. तिने माझ्या अंगठ्यावरची धाग्याने पडलेली खाच नीट वाकून पाहिली, मोती पाहते तशी. मग आम्ही बोलायला लागलो. मग फलाट एकच झाला.

तिचे वडील समुद्रावर राहतात, खाडीत शिंपले वाढवतात. आई नाही, आत्या आहे. शेठ म्हणाले, "मागणी घालायला मी येतो बरोबर, वडीलधारा माणूस लागतो." पेढ्यांऐवजी इथली मिठाईची पेटी, कागदात सुरेख गुंडाळलेली. आम्ही गुडघ्यांवर बसलो. वडिलांचे हात शिंपल्यांनी कापून कापून खरखरीत झालेले, चेहरा उन्हाने काळा. आमच्याकडचाच वाटला असता. त्यांनी विचारलं, "तुझे वडील काय करायचे?" माझ्याआधी शेठ बोलले, "ज्वेलर. मोठं दुकान होतं." एवढं जपानी मला कळतं. शेठना बिचाऱ्यांना माझं भलंच करायचं होतं. पण माझ्या कानशिलांत घण पडायला लागले. ती माझ्याकडे बघत होती. तिला खरं माहीत होतं.

"नाही," मी म्हटलं. "दुकान दुसऱ्याचं. माझे वडील दुकानाच्या पायरीवर बसायचे." शेठनी मांडीला चिमटा काढला. मी थांबलो नाही. मोजा काढला आणि त्या स्वच्छ चटईवर पाय पुढे केला. "ही खाच त्यांच्या अंगठ्याला याहून खोल होती. माझी अजून व्हायची आहे." आत्याने तोंडावर हात घेतला. वडिलांनी माझ्या पायाकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं, उठले आणि बाहेर होडीकडे निघून गेले. परत आलेच नाहीत.

परतीच्या गाडीत शेठ धुमसत होते. "अरे वेड्या, मी तुझं लग्न जमवायला आलो होतो की तुझा पाय दाखवायला? ज्वेलर म्हटलं असतं तर काय तुझ्या बापाची अब्रू गेली असती?"

"हो," म्हटलं, "गेली असती."

ते खिडकीबाहेर बघायला लागले. मग स्वतःशीच म्हणाले, "माझा बाप हातगाडीवर कापड विकायचा." न देताच परत आणलेली मिठाईची पेटी उघडली आणि एक तुकडा मला दिला.

त्यानंतर खाडीकडून काही निरोप नाही. पण ती रोज रुमाल पसरत होती, म्हणून मी धीर धरला. नाहीतर धीर आणि मी, तुम्हाला माहीतच आहे. काल संध्याकाळी फलाटावर म्हणाली, "वडिलांचा फोन होता. एकट्याला पाठव म्हणाले. आणि धागा घेऊन ये म्हणावं."

"धागा? कशाला?"

"सांगितलं नाही."

"आणि मोजे?"

"घालून जा," ती म्हणाली. "काढायचे असतील तर तिथे काढ."

हो म्हणायला बोलावलंय की नाही म्हणायला, हे तिलाही माहीत नाही. त्यांनी नाही म्हटलं तर ती त्यांचा शब्द मोडणार नाही, हे मात्र मला माहीत आहे. म्हणजे आज संध्याकाळी मी एकतर सगळं घेऊन परतेन, नाहीतर रिकामा. तरी आबा, त्यांनी पुन्हा विचारलं तर मी पुन्हा पायरीच सांगणार. पायरी लपवून मिळालेली बायको मला नको, आणि ती तशी येणारही नाही.

तुम्ही गेलात त्या सकाळी अंगणात तुम्हाला निजवलं होतं, आणि कुणीतरी तुमच्या पायाचे दोन्ही अंगठे एकत्र बांधले, रीतीप्रमाणे. सुतळीने. मी ओरडलो, "सुतळीनं नाही!" काका म्हणाले, "अरे पोरा, आता काय फरक पडतो?" म्हटलं, "पडतो." तुमच्या डब्यातलं लाल रेशीम आणलं, सुतळी सोडली आणि तुम्ही शिकवलेली गाठ मारली. कुणी अडवलं नाही. ती मी स्वतःच्या हाताने, कुणाच्या मदतीशिवाय मारलेली पहिली गाठ.

हे पत्र कुठे टाकू? इथले पोस्टमन चुकलेला पत्ताही शोधून काढतात म्हणे, पण त्यांनाही तुमची पायरी सापडायची नाही. घडी करून रेशमाच्या डब्याखाली ठेवतो. एक सांगायचं राहिलं. मी नवे पांढरे मोजे घातलेत, तिने आणलेले. पण उजव्या मोज्याच्या आत, अंगठ्याला, लाल रेशमाचा एक वेढा आहे, तुमच्या गाठीचा. कुणाला दिसणार नाही. एकट्याने ये म्हणालेत, आणि एकट्याने जायची मला हिंमत होत नाही.

इथली माणसंही घरातून निघताना जातो म्हणत नाहीत, जाऊन येतो म्हणतात, घरात कुणी नसलं तरी. उठतो. धागा खिशात आहे, खिडकी लावलीय, आता बूट घालतो. जाऊन येतो, आबा. दार ओढून घेतो.