तुळशीला घातलेली खाडी

निकेतदादा,

डबा ओट्यावर आहे. फ्रिजमधल्या खाडीच्या पाण्याच्या नऊ बाटल्या शोधू नकोस, सगळ्या तुळशीला घातल्या. तुळस जळणार नाही, हे तुलाही माहीत आहे.

"तू एम.एस्सी.चा अभ्यास कर, खाडीवर मी जाऊन येतो," म्हणालास तेव्हा मला भरून आलं होतं. आता त्याची लाज वाटते. प्रत्येक बाटलीवर भरतीची वेळ, किनाऱ्यापासूनचं अंतर, सगळं सुवाच्य अक्षरात, आणि आत आपल्या नळाचं पाणी. नव्या जेट्टीसाठीच्या पाणी-तपासणीच्या अहवालावर सही मात्र माझी जाणार होती. दहा वर्षं पर्यावरण सल्लागार म्हणून गावभर मिरवतोस आणि चिखलात पाय घालायला तुला नवे बूट आडवे येतात. निदान चिमूटभर मीठ तरी टाकायचंस. मिठागरवाल्याच्या मुलाला तेवढंही सुचू नये?

आज मुंबईला माझी तोंडी परीक्षा होती. येत नाही म्हणून सरांना कळवलंय. अहवाल संध्याकाळी जायचाय आणि भरती साडेअकराची आहे, म्हणून नव्या बाटल्या घेऊन खाडीवर मीच चाललेय.

बाबांना काही समजावायला जाऊ नकोस. सकाळी त्यांनी सवयीने एका बाटलीतलं पाणी जिभेवर घेतलं. मिठागरावर जन्मभर ते खारं पाणी चाखून थुंकत आले. हे त्यांनी गिळलं, झाकण घट्ट लावलं आणि बाटली होती तिथे परत ठेवली.

रुचिता