न आलेली गाडी

६ जानेवारी, सोमवार
आजपासून फाटकावर माझी मी. हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरीच राहतात, म्हणून त्यांतच लिहिते. हे गेल्यावर रेल्वेत यांच्या जागी मिळालेली नोकरी. दहावी पास बाईला आणखी काय हवं? शिरगावहून अंबरनाथ पूर्वेला आले, रिक्षा न करता चालतच. कारखान्यांकडे मालगाड्या नेणारा एकच रूळ, त्यावर फाटक आणि माझी केबिन. शंभूमहादेवाची तसबीर खिळ्याला लावली, उदबत्ती ओवाळली. संध्याकाळपाळीचे सुदामभाऊ हसले. म्हणाले, ताई, झेंडी देवालाच दाखवू द्या, तुम्हाला तेवढाच आराम.

काम सोपं आहे. स्टेशनातून संजीवनी मॅडम फोन करतात, गाडी सुटतेय. आपण फाटक पाडायचं, कागदावरचा एक आकडा त्यांना सांगून खोडायचा. आकडा दिला की ती गाडी आपली. शेवटच्या डब्यामागची पाटी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय 'गेली' म्हणायचं नाही, फाटक उघडायचं नाही. ट्रेनिंगभर हे इतकं घोकलं की कीर्ती म्हणाली, आई, तू झोपेतपण 'गेली, गेली' करतेस. पोर बारावीला आहे. तिच्यासाठीच तर सगळं.

९ जानेवारी, गुरुवार
दुपारी फोन वाजला. थकलेला पुरुषाचा आवाज. बाई, माझी गाडी गेली का? कोणती गाडी म्हणेपर्यंत बंद. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, इथे मी एकटीच आहे हो, आणि ती तार दुसरीकडे कुठे जातच नाही.

सुदामभाऊ मात्र हसले नाहीत. म्हणाले, बुधाजी असेल. तुमच्या आधी इथे होता. आकडा दिला, फाटक पाडलं, पण ती गाडी आलीच नाही. मी पाळीवर आलो तर केबिनीत नुसत्या चपला. ताई, त्याला हो नको, नाही नको, काहीच बोलू नका.

१३ जानेवारी, भोगी
बाजरीची भाकरी, मिसळीची भाजी आणली होती. डबा उघडणार तोच त्याचा फोन. रडत होता. माझा डबा विटला म्हणाला, पोरगं वाट बघत असेल. सणासुदीला एखाद्याला किती रडू द्यायचं? मी म्हटलं, गेली हो भाऊ तुमची गाडी, जा घरी. खोटं, पण पुण्याचं. त्याने रीतीप्रमाणे आकडा मागितला. तोंडातून निघून गेला.

पलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाला, आता ती तुमची.

तीच दुपार
फाटक पडलंय. मी पाडलं नाही. ते उचलायचं चाक फिरत नाही. टेम्पोवाला ओरडतोय, मौसी, सो गयी क्या. मी दारातून हात केला. तो माझ्या आरपार बघतोय. उंबरा ओलांडला की पुन्हा स्टुलावरच बसलेली असते. फोन लावला, मॅडम हॅलो हॅलो करून ठेवतात.

नंतर
सुदामभाऊ आले. त्यांच्या हाताने फाटक लगेच उघडलं. माझ्या चपला उचलून उभेच राहिले. मी त्यांच्या कानाशी ओरडतेय —

वार कळत नाही
भाकरीला बुरशी. देवाचं नाव अर्ध्यावर अडकतं. शंभो —

तारेतून एकच वाक्य जातं. माझी गाडी गेली का. सुदामभाऊंना दोनदा विचारलं. घाम पुसून फोन ठेवून देतात. बरं करतात.

पुन्हा
कीर्ती आलीय. माझ्या चपलांपाशी बसलीय. सुदामभाऊ तिला सांगत होते, कोणी 'गेली' म्हटलं तर ताई सुटतील, पण — तेवढ्यात मालगाडी आली, झेंडी घेऊन बाहेर पळाले. पुढचं सांगायचं राहिलं.

फोन वाजतोय. मी नाही वाजवत. माझाच हात —

तिने उचलला.

नाही विचारणार. पदर दातांत धरलाय.

आई, तू आहेस ना, म्हणतेय. इतकं हळू ती कधी बोलत नाही. ठेव, बाळा, ठेव तो —

आकड्यांचा कागद ओढलाय पुढ्यात. ऐक ना आई, म्हणतेय, तुझी गाडी गे