आधी टाकी, मग बादली

४ नोव्हेंबर

आले! माणूस नव्हे, मासे. बाबांच्या सुईबाईचे दोन गोल्डफिश, फुगलेल्या पिशवीत, ऐटीत. "आधी मासे, मग मी," म्हणाली. पाच डिसेंबरला नोंदणी कचेरीत लग्नाच्या सह्या, आणि त्या दिवसापासून मुक्काम इथे! तीस वर्षं प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढलं हिने. शहात्तराव्या वर्षी बाबा साखर तपासायला गेले आणि तिथेच राहिले. घरी आला तो नुसता रिपोर्ट.

मी म्हटलं, थेट टाकीत सोडायचे नाहीत. चार आठवडे बादलीत, वेगळे. बाहेरून कुठला रोग येईल सांगता येत नाही.

"नियमच आहे तो," हसून म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं."

मला अहो-जाहो! बोलण्यात साखर पेरते. बाबांची का वाढली ते कळलं.

पिशवी अर्धा तास बादलीत तरंगत ठेवली, पाण्याचा गारवा सारखा व्हावा म्हणून. मग मासे तेवढे उचलून सोडले, पिशवीतलं पाणी मोरीत. सगळं तिनेच केलं. हात स्थिर आहे, हे मानावं लागतं. नाइलाजाने मानते.

चार आठवड्यांत पुष्कळ काही फिसकटू शकतं.

५ नोव्हेंबर

मोठ्याचं नाव पावशेर, धाकट्याचं अदपाव. तिनेच ठेवलेली. आणि लोक म्हणतात, नावं ठेवते ती मी!

आमचा जुना मासा मुकादम, अकरा वर्षांचा. आईने आणलेला. आई गेली, त्याचा जोडीदार गेला, हा आहे. आईच्या खुर्चीसमोर त्याची टाकी. हल्ली कोपऱ्यातल्या दगडाला अंग घासत असतो, खुंटाला म्हैस घासते तसा. म्हातारचळ.

८ नोव्हेंबर

बंदोबस्त पक्का. घरात जाळी एकच, म्हणून क्रम ठरवला: आधी टाकीतली घाण काढायची, मग त्याच जाळीने बादलीतली, मग जाळी उकळत्या पाण्यात. म्हणजे तिकडचं इकडे काही येणार नाही. भिंतीवर कागदच चिकटवला— आधी टाकी, मग बादली. बाबा चष्मा लावून वाचत उभे.

"अगं, मासे आहेत की कैदी?"

"मासेच. कैद्यांना सुटकेची खात्री असते."

११ नोव्हेंबर

आली होती. आईच्या खुर्चीत बसली नाही— तेवढी अक्कल आहे. स्टूल ओढून मुकादमाकडे बघत राहिली. पाच मिनिटं! काहीतरी बोलणार होती. मी डोळे वटारले तशी गप्प. मग म्हणते, "एकत्र सोडाल तेव्हा आधी दगड हलवा. जुन्याला सगळी जागा आपलीच वाटते. मांडणी बदलली की सगळेच नवे."

माझ्या घरात मला मांडणीचे धडे!

१७ नोव्हेंबर

ठिपके! अदपावच्या शेपटीवर, पांढरे, मीठ भुरभुरल्यासारखे. पावशेरलाही दोन-चार.

खरं लिहिते— आनंद झाला.

१८ नोव्हेंबर

बाबांना म्हटलं, "बघा. टाकीत सोडले असते तर?" आणि बोलतच राहिले. तिचे मासे, तिचं घर, तिची रीत, सगळं एकाच फडक्याने पुसलं. "जिला दोन मासे धड सांभाळता येत नाहीत, ती तुमच्या गोळ्या सांभाळणार?"

त्यांचा चहा गार झाला. साय धरली. शेवटी म्हणाले, "कळवतो तिला. पाच तारखेचं सध्या राहू दे."

२१ नोव्हेंबर

अदपाव मेला.

२२ नोव्हेंबर

पावशेरला न्यायला आली. "माझेच आजारी असतील," म्हणाली, बाबांकडे न बघता. पाच डिसेंबरचं नाव कुणी काढलं नाही. पिशवीची गाठ तिला दोनदा मारावी लागली.

जिंकले.

२५ नोव्हेंबर

बाबांनी तीन दिवस दाढी केलेली नाही. गोळी देते, पाणी पितात, गोळी बशीत तशीच.

२६ नोव्हेंबर

मुकादमाला लागण नको म्हणून औषध आणायला माशांच्या दुकानात गेले, ठिपक्यांची हकिकत सांगितली. दुकानदार काच पुसत होता, मान वर न करता त्याने विचारलं:

"त्या बाईंकडे हे दोघेच होते? किती दिवस?"

"तीन वर्षं."

"मध्ये नवीन मासा? वनस्पती?"

"नाही म्हणाल्या होत्या."

"मग रोग दिला कुणी, नळाने? तुमचा जुना अंग घासतो का कशाला?"

"घासतो. पण ठिपका एक नाही त्याच्यावर!"

"पचवून बसलाय म्हातारा. त्याला काही होत नाही. पाहुण्याला लागतं. जाळी वेगळी होती ना?"

मी औषध घेतलं आणि बाहेर पडले. उत्तर भिंतीवर चिकटवलेलं आहे. माझ्याच अक्षरात.

२७ नोव्हेंबर

फोन केला. शब्द पाठ करून. ती म्हणाली, "माहीत आहे. अकरा तारखेला दिसलं मला, मुकादम घासत होता ते."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या आईचा मासा. मी कोण सांगणारी?"

पावशेर खायला लागलाय म्हणे. एवढंच. साखर नव्हती आवाजात.

२८ नोव्हेंबर

बाबांना सांगितलं. सगळं. ते उठले, दाढी केली, छत्री घेतली आणि बाहेर गेले. पाऊस नव्हता.

२ डिसेंबर

टाकीत औषध सुरूच. दगड हलवले, हात कोपरापर्यंत गारठला. मुकादम जुन्या कोपऱ्यात जातो आणि बावचळतो. मग आईची खुर्ची खिडकीशी नेली. फरशीवर चार पायांच्या चार खुणा राहिल्यात. घासल्या, जात नाहीत. जाळ्या आता दोन.

येऊ दे म्हणावं.

५ डिसेंबर

सह्या झाल्या. ती इथे राहायला येणार नाही. बाबाच तिकडे जातायत. मुकादमाची बादली उचलून दारात उभे राहिले. "आधी मासा," म्हणाले, "मग मी."

मुकादम तिथे चार आठवडे वेगळा राहील. नियमच आहे तो.