बारा थोर रॉबिन्सन

३ मे, सकाळ
आजपासून कामाला सुरुवात. प्रोव्हिडेन्सिया बेटावर दगड मारावा तर रॉबिन्सनला लागतो, पण थोर रॉबिन्सनांची यादी आजवर कुणी केली नाही. जूनमध्ये चर्चला शंभर वर्षं होतायत. पाद्रीबाबांनी सभागृहात फलक लावायचं ठरवलंय, बारा नावांचा. यादी माझ्याकडे. दुसरं आहे कोण? तीस वर्षं शाळेत घसा फोडलाय. म्हणजे अकरा नावं शोधायची. बारावं काय, ते आपोआप पुढे येईल.

३ मे, दुपार
रोंदोन, म्हणजे आमचा मासे-कंदांचा रस्सा, जरा जास्त झालं. ओलिंडा नारळाचं दूध घालताना हात आखडत नाही. सुस्ती आलीय. यादी उद्यापासून.

७ मे
नियम केला : फलकावर टोपणनावं नाहीत. आमच्याकडे एकाच नावाचे चार-चार जण, म्हणून प्रत्येकाला टोपणनाव. ‘ओली काडेपेटी’, ‘शार्कचा जावई’. ही काय फलकावर लिहायची नावं? मलाही लोकांनी एक चिकटवलंय. ते इथेसुद्धा लिहिणार नाही.
ओलिंडा म्हणाली, “मग कोण कुठला, कळणार कसं रे?” म्हटलं, थोरांना ओळख लागत नाही. ती ब्रेडफ्रूट सोलत राहिली. बायकोला नवऱ्याची किंमत नसते.

१२ मे
मुलाखतींना निघालो. रस्ता बंद. काळे खेकडे डोंगरावरून समुद्राकडे उतरतायत, गाड्या अडवल्यात. चालत जाता आलं असतं, असं ओलिंडाचं मत. मी खेकड्यांचा मान राखला. मुलाखती उद्यापासून.

२० मे
बसल्या जागी आठवून आठ नावं काढली. दोन कॅप्टन, एक नर्स, होड्या बांधणारा एक. बाकीचेही मेलेलेच, म्हणजे वाद नाही.
नववं ओलिंडानं सुचवलं. “ऑर्व्हिल रॉबिन्सन घाल.” मला गहिवरून आलं. तर म्हणाली, “तू नव्हे रे! डावखुरा.”
धक्क्यावरचा कोळी. वादळात उलटलेल्या होडीतून नऊ माणसं काढली त्यानं. कबूल. पण पोहणं म्हणजे काही विद्वत्ता नव्हे. वगळला.

३ जून
कशीबशी अकरा झाली. पाद्रीबाबांना विचारलं, बारावं कोण? म्हणाले, “मास्तर, तुम्हीच ठरवा.” इशारा स्पष्ट होता. लिहिलं : ऑर्व्हिल रॉबिन्सन.
होड्यांवर नावं रंगवणाऱ्या मिस झेल्माला यादी दिली. शेवटचं नाव वाचून म्हणाली, “हे हवंच होतं हो!” डोळे भरून आले. जगात अजून जाण आहे. नावापुढे कर्तबगारी लिहू का, विचारत होती. नको म्हटलं. साधेपणा शोभतो.

९ जून
आभाराचं भाषण लिहिलं. तीन पानं. पाठांतर उद्यापासून.

१६ जून, रविवार
अनावरण झालं. बारावं नाव वाचल्याबरोबर अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. मीही उठलो. टोपी काढली. भाषणाचे कागद काढले.
तोवर चौघांनी डावखुऱ्याला खांद्यावर घेतलं होतं. तो ओरडत होता, “अरे, खाली ठेवा! पोहता येत होतं, म्हणून पोहलो!”
नंतर माझ्याकडे आला, दोन्ही हात धरले. “मास्तर, माझं नाव घातलंत तुम्ही. उद्या आईला आणून दाखवतो.” रडत होता. मला फार लाज वाटली. रागही आला. कागद खिशात कोंबले.

१७ जून, सकाळ
पहिल्यांदाच ठरवल्या दिवशी ठरवलेलं काम केलं. मिस झेल्माला सभागृहात घेऊन गेलो. बाराव्या नावापुढे टोपणनाव घाल म्हटलं, घोटाळा नको. तिनं ब्रश बुडवला. “कुठलं?”
माझंच सांगायला आलो होतो. दारातून डावखुरा आईला हाताला धरून आत आणत होता. म्हातारीनं नवी हॅट घातली होती.
“डावखुरा,” मी म्हणालो.
मिस झेल्मानं सुबक अक्षरात लिहिलं. ब्रश पुसत म्हणाली, “बरं केलंस हो, उद्यापासून.”
सगळं बेट मला याच नावानं हाक मारतं.
घरी आलो. ओलिंडाला सांगितलं, आता थोर शिक्षकांची यादी करतोय. कधीपासून, ते तिनं विचारलं नाही.