वाचनालयात मी कराच्या बाजूनं बोलले

वर्धा, गुरुवार, मार्च १९५६

आज वाचनालयात प्राप्तिकरावर वादविवाद होता. दादाची पुलगावला कापसाची सरकी काढायची जिनिंग गिरणी आहे आणि मी त्याच्याच घरी राहते, म्हणून त्यानं मला कराविरुद्धचं भाषण लिहून दिलं होतं. मी ते उघडलंच नाही.

"ज्याची कमाई जास्त, त्यानं करही चढत्या दरानं द्यावा," असं मी म्हणाले, तेव्हा पहिल्या रांगेतला दादाचा अडकित्ता थांबला. पुढे म्हटलं, माझ्या पगारातले दहा रुपये गेले तर दूध बंद होतं. जिनिंगवाल्याचे हजार गेले तर नवी मोटार वर्षभर लांबते. टाळ्या पडल्या.

घरी दादा कडाडला, "वर्षभर मी राबतो, अन् मलेच जास्त दंड काऊन?"

"अन् कापूस वाहणाऱ्या बाया राबत नाईत?"

"असं बोलाचं असन तर दुसरं घर पाह्य!"

वहिनी रडवेली झाली. "माफी मागून टाक ना व!"

मागू? कशाची? अडकित्ता थांबला तेव्हा आवाज जरा कापला, एवढीच माझी चूक. बाकी शब्द न् शब्द खरा होता.

ट्रंक भरली आहे. शाळेजवळ एक खोली रिकामी आहे. उद्या सातवीला शेकडेवारी शिकवून झाली, की बघून येईन.