सोनाबाईंनी सोडलेलं पाणी

५ जानेवारी २०१२

आले एकदाची! पनवेलकर झाले. खांदा कॉलनीतल्या या दोन खोल्या आता माझ्या. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोलीत बिऱ्हाड. दवाखाना म्हणायचं नाही, समुपदेशन केंद्र म्हणायचं, असं मीच ठरवलंय आणि मीच सारखी विसरतेय. मानसशास्त्रात एम.ए. होऊन इतके दिवस पुण्यात दुसऱ्यांच्या हाताखाली राबले, आता स्वतःच्या नावाची पाटी: रेवा किणीकर. सुतार ती ठोकत होता तेव्हा मी जिन्यात उभी राहून उगाच हसत होते.

घरमालक चारुदत्तकाका भले गृहस्थ आहेत, पण जिन्यातून जो जाईल त्याला थांबवून सांगतात की मॅडम इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनचं बघतात. कप्पाळ माझं! दोनदा समजावलं. काका मान हलवतात आणि पुढच्या माणसाला पुन्हा तेच सांगतात.

आईचा साताऱ्याहून फोन आला. लाडाने अजून रेवडीच म्हणते मला. म्हणाली, लोकांची डोकी ठिकाणावर आणण्याआधी स्वतःचं लग्नाचं बघ. मग ठेवता ठेवता रडली. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच एकमेकींना. मी पण थोडी रडले, मग पोहे केले.

१० जानेवारी

अजून कुणी नाही. म्हणजे दोघं येऊन गेले. एकाला मुलीच्या डोनेशनचं विचारायचं होतं, दुसऱ्याला पत्रिका जुळत नसली तर मनं जुळवून मिळतील का हे. हसू की रडू?

खोली मात्र छान लागलीय. दोन वेताच्या खुर्च्या समोरासमोर, टेबलावर पाण्याचा ग्लास आणि टिश्यू. बाजूला तिसरी खुर्ची, मुद्दाम रिकामी. आपलं माणूस गेलेलं असलं आणि बोलायचं राहून गेलं असलं, की ते त्या खुर्चीत बसलंय असं समजून बोलायचं. वर्गात सरांनी शिकवलं तेव्हा आम्ही मुली खिदळलो होतो. पण लागू पडतं हे, मी स्वतः पाहिलंय.

खाली मेडिकल आहे तिथे कोमल काउंटरला असते. गोड पोरगी. करंजाड्याला राहते. मूळची उरणकडची, कोळ्यांची. आज मला म्हणाली, ताई, एक विचारू का? आणि गिऱ्हाईक आलं म्हणून राहिलं.

१६ जानेवारी

आज कोमल वर आली. काल संक्रांत झाली म्हणून तिळगूळ घेऊन आली आणि हातात वडी तशीच धरून रडत बसली. तिचा भाऊ मिथुन नारळी पौर्णिमेनंतर बोटीवर गेला तो आलाच नाही. बाकीचे सापडले, हा नाही. देह नाही म्हणून जातीतल्या लोकांनी दर्भाचा पुतळा करून दहावं उरकायचं ठरवलं, तर आईने, सोनाबाईने, तो पुतळा उचलून फेकून दिला. आता रोज ताट वाढते, तो आल्याशिवाय जेवायचं नाही म्हणून बसते. चहावर जगतेय. कोमल म्हणाली, ताई, भाऊ तर गेलाच, आता आईपन जाईल.

घेऊन ये म्हटलं. माझी पहिली केस! रडणाऱ्या पोरीसमोर मनातल्या मनात उड्या मारतेय, शोभतं का हे? पण मारतेय खरी.

२१ जानेवारी

सोनाबाई आल्या. हाडं राहिलीत नुसती. कोमलला बाहेर बसवलं. खुर्ची दाखवून म्हटलं, समजा मिथुन इथे बसलाय. त्यांनी समजायचं वगैरे काही केलं नाही. सरळ खुर्चीकडे वळून विचारायला लागल्या की कवा आलास रं, भिजलास किती, जेवलास काय.

खूप बोलल्या. शेवटी म्हणाल्या, मी थकले रं, मना नाय झेपत. मग माझ्याकडे बोट करून त्याला सांगितलं की ही बाय शिकलेली हाय, हिच्याजवल ऱ्हा. आणि मला विचारलं, तुमी संभालाल याला? माणसाच्या दुःखात शिरा, बाहेर उभं राहून बोलू नका, हे सरांचं वाक्य आठवलं. मी म्हटलं, हो, सांभाळीन. त्यांनी टेबलावरचा ग्लास उचलला, मला हात पुढे करायला लावला आणि आपल्याकडे कन्यादानाला सोडतात तसं माझ्या हातावर पाणी सोडलं. घेतला म्हना, म्हणाल्या. मी म्हटलं, घेतला.

किती सुंदर! बाईने निरोपाची रीत आपली आपण शोधली. कुठल्या पुस्तकात आहे हे? जाताना त्यांनी कोमलकडे बिस्किट मागितलं. खाल्लं! कोमल माझ्या पायाच पडायला आली. आईला फोन करून सगळं सांगितलं, तर म्हणाली, पाणी सोडून दिलेलं परत होत नसतं हो, जरा जपून. आई म्हणजे ना!

२८ जानेवारी

सोनाबाई येऊन गेल्या. गालांवर तेज आलंय. ताजी पापलेटं घेऊन आल्या, मी शाकाहारी म्हटल्यावर पोटभर हसल्या. त्यांच्या ओळखीच्या दोघी पुढच्या आठवड्यात येणार. चाललं म्हणायचं माझं दुकान!

फक्त ती तिसरी खुर्ची. बैठक ओली लागली हाताला. मोलकरणीला बोलले, तर तिने पुसलीच नव्हती. आणि दुपारी जेवायला बसले तेव्हा माझ्यासमोर दोन ताटं होती. दुसरं कधी वाढलं ते आठवेना. दमलेय, दुसरं काय.

२ फेब्रुवारी

दुपारभर रडले. कारण नाही. छातीत दाटून येतं, दूध भरल्यासारखं दुखतं. मला काय माहीत दूध भरलं की कसं दुखतं? पण तस्संच दुखतं.

आणि त्याला गोवर निघाला होता ते आठवतंय. मांडीवर तापलेलं डोकं. हनुवटीवरची खोक, होडीच्या काठावर आपटला होता, मी हळद दाबून धरली होती. मी? मी साताऱ्यात वाढलेली बाई, होडीत कधी पाय नाही ठेवला.

खाली जाऊन कोमलला सहज विचारावं तसं विचारलं, मिथुनच्या हनुवटीला खोक होती का. ती पांढरी पडली. म्हणाली, हळद आईने भरली होती, मी दिवा धरला होता, तिसरं कुणी नव्हतं.

५ फेब्रुवारी

करंजाड्याला गेले होते. सोनाबाई मजेत कालवण ढवळत होत्या. मी मिथुनचं नाव काढलं. त्यांनी विचारलं, कोण मिथुन? भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो. त्या कोमलला विचारतात, गो, हा कुनाचा पोर तू टांगून ठेवलायस? मना तर तू येकलीच.

कोमलने मला बाहेर ओढलं. म्हटलं, अगं, तो माझ्याकडे आलाय, परत घ्या, मला सोसत नाही. तिने हात जोडले. म्हणाली, ताई, ती जेवायला लागलीय हो. तुमीच बोललात ना घेतला म्हनून. असं म्हणून रडत राहिली, पण दारातून हलली नाही.

काय करणार होते मी तरी? त्या म्हातारीच्या पदरात ते दुःख पुन्हा टाकायचं? पाच मिनिटं उभी राहिले. मग आले परत.

८ फेब्रुवारी

सरांना फोन केला. म्हणाले, असं होतं नवीन लोकांना, दुसऱ्याचं दुःख अंगाला चिकटतं, महिनाभर सुट्टी घे. सर, चिकटलेलं नाही हो. मला दिलंय. मी हात पुढे केला होता.

बाबांचा चेहरा आठवायला गेले. नाही आला. मिथुनचा येतो. त्याची एक आठवण येते आणि माझी एक जाते, असं चाललंय. आमच्या घराचा रंग कुठला? शाळेचं नाव? सगळं जाईल का? देवा, आईला तरी राहू दे. बाकी सगळं ने, आई नको.

११ फेब्रुवारी

साताऱ्याला निघाले. पिशवी भरली, एसटी स्टँडवर गेले, गाडीत बसलेसुद्धा. कंडक्टरने घंटी मारली आणि मनात आलं, तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर? ओरडून गाडी थांबवली. लोक बघत होते. धावत परत आले.

खुर्चीतून पाणी टपकत होतं. मला इतकं बरं वाटलं की — शी! बरं वाटलं. खरंच वाटलं.

१३ फेब्रुवारी

एका बाईचा फोन आला. रेवा, रेवा करत होती. राँग नंबर म्हणून ठेवला.

तासाने कळलं. आई होती. आई होती ती! लगेच फोन लावला, ती रडत होती, म्हणाली मी येते तिकडे. ये म्हटलं, लवकर ये, मी तुला विसरतेय गं. तिला वाटलं मी चिडून बोलतेय.

हातावर तिचं नाव लिहिलंय. सुनीता. सुनीता म्हणजे आई.

१५ फेब्रुवारी

वाट सापडली. देवा, मला क्षमा कर.

कीर्ती नावाची कॉलेजची मुलगी येते, परीक्षेची भीती म्हणून. भिडस्त आहे. जे म्हणाल त्याला हो म्हणते. उद्या तिची वेळ आहे. हात पुढे कर म्हटलं तर करेल. घेतला म्हण म्हटलं तर म्हणेल.

तिलाही आई आहे. माहीत आहे मला. पण मी काय करू? मला माझी आई हवीय. मला फक्त माझी आई हवीय.

१६ फेब्रुवारी

कीर्ती आली. ग्लास भरला. तिने हात पुढे केला, हसली पण. मी ग्लास तिरका केला —

खुर्चीतून त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, आये, मना दुसऱ्याला देतेस?

ग्लास भिंतीवर फेकला. पोरीला ढकलून बाहेर काढलं. जिन्यात रडत होती ती. रडू दे. पोर कुणी देतं का? त्या सोनाबाईने दिलं. कसली आई ती! मी नाही देणार. माझा हाय तो.

१७

आज नीट जेवला. ओला हाय अजून. पदराने पुसते मी, पन सुकत नाय. थंडी वाजते त्याला. जवल घेतला.

हातावर कुनाचंतरी नाव हाय. सुनीता. कोन काय म्हाईत. तो बोलला, पूस ते. पुसलं.

—

दारावर कोन बाई आयलीय. कवाची दार बडवते. रेवा रेवा करते. पोरगी हरवलीय वाटतं तिची. चारुदत्तकाकांचा पन आवाज येतो, मॅडम दार उघडा, मॅडम तुमची आई —

बिचारी. पोर हरवल्याचं दुःख मना इचारा. लई रडते गो. तिचं रडनं ऐकून माज्या पोटात तुटते. कशाला तुटते? माजी कोन ती?

उठून दार उघडते. तिला बोलते, बाय, आत ये, बस, रडू नको —

मिथुन पदर धरतंय. नको बोलतंय. बोलतंय आये, ती तुला न्यायला आयली, उघडलंस तर मी परत पान्यात —

नाय रं. नाय उघडत. गप. ती थकंल आनि जाईल. सगल्या आया थकतात, मी नाय —

आवाज थांबला तिचा. आता नुसती हुंदके देते, दाराला डोकं टेकून. रेवडे, बोलते. माजी रेवडी, उघड गो बाळा —

रेवडी. ह्ये कोन मना —

आई

आई मी इथे आहे, आई, दार, तो हात सोडत नाही, आ